हाल्वारला सापडलेला शब्द

टीव्हीवाले आमच्या बेटावर आले ते त्र्याण्णवच्या सप्टेंबरात. मी बटाटे काढत होते आणि अर्धी ओळ तशीच जमिनीत सोडून मला गावाच्या सभेला जावं लागलं, म्हणून नक्की आठवतं. सभागृहाचं छप्पर तेव्हा तीन ठिकाणी गळत होतं. खाली मोल्फ्रिडने दुकानातल्या मार्गारीनच्या बादल्या आणून ठेवल्या होत्या.

मोल्फ्रिड दुकान चालवायची आणि गावाची अध्यक्षही तीच. त्या दिवशी तिने दिग्दर्शिकेला पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. बेंटे तिचं नाव, ओस्लोची, गळ्यात शिट्टी. मालिका कसली, ते तिने हातवारे करून सांगितलं. इटलीतला एक गुन्हेगार जीव वाचवायला पळतो, नॉर्वेतल्या बेटावर येतो, मासे खारवायच्या कारखान्यात लागतो आणि गावाला सळो की पळो करून सोडतो. हसायचं, थोडं रडायचं, आठ भाग.

लोक हसले. मी हसले नाही, कारण माझ्या शेजारी सांद्रो बसला होता.

सांद्रो माझ्या मागच्या घरात राहायचा. आमच्याकडे शेत मुलाच्या हाती गेलं की म्हाताऱ्यांसाठी अंगणातच छोटं घर बांधतात, ते. माझा नवरा समुद्रात गेला, मूलबाळ नव्हतं, घर रिकामं होतं. सत्त्याऐंशी साली हा माणूस फेरीबोटीतून एका बॅगेनिशी उतरला आणि कारखान्यात मासे चिरायला लागला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, हात मात्र शिंप्यासारखे हलके. मला तो 'तुम्ही' म्हणायचा. आमच्याकडे पाद्रीलासुद्धा कुणी तुम्ही म्हणत नाही, त्यामुळे गावभर हसायचे. मोल्फ्रिड मला विचारायची, "तुझ्या घरात तुम्ही किती जणी राहता?"

तिसऱ्या हिवाळ्यात चर्चच्या अल्बमसाठी सगळ्यांचे फोटो काढायचे होते. मी त्याला म्हटलं, चांगला शर्ट घाल. तो माझ्या स्वयंपाकघरात बसला आणि त्याने सगळं सांगितलं. तो नेपल्सचा. चुलतभावांसाठी रात्रीच्या बोटीतून चोरट्या सिगारेटी आणायचा. पुढे सिगारेटींच्या जागी दुसऱ्या पेट्या आल्या, एकदा धक्क्यावर त्याच्यासमोर एक माणूस मारला गेला, आणि सांद्रो कोर्टात बोलला. अकरा जण आत गेले, त्यातले दोन त्याचे सख्खे चुलतभाऊ. सरकारने त्याला नवं नाव दिलं, उत्तरेकडच्या एका शहरात घर दिलं. दोन वर्षांनी एका सकाळी त्या घराच्या दारावर कुणीतरी खडूने लिहून गेलं होतं. काय लिहिलं होतं ते त्याने मला तेव्हा सांगितलं नाही. पोलिसांनाही न सांगता तो त्याच दिवशी निघाला. पळताना डोक्यात एकच परकं नाव आलं, ते आमच्या बेटाचं. नाताळला त्याची आई जो खारा कॉड मासा भिजत घालायची, त्याच्या पेटीवर ते छापलेलं असायचं.

त्या दिवसापासून तो मला 'तू' म्हणायला लागला. फोटो काढायला गेला नाही. मी सगळ्यांना सांगितलं, ताप आहे. तिसऱ्या दिवशी पाच घरांतून सूप आलं.

तर सभा. बेंटे म्हणाली की गर्दीच्या प्रसंगांना माणसं लागतील. मोल्फ्रिडने लगेच जाहीर करून टाकलं की सगळं गाव दुग्नाद म्हणून उभं राहील, मिळेल ते छपराला. दुग्नाद म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचं फुकटचं काम. रस्त्याची गटारं असोत, शाळेचं कुंपण असो. चर्चला नाही आलात तर आमच्याकडे कुणी विचारत नाही. दुग्नादला नाही आलात तर विचारतात.

"हाच!" बेंटे एकदम उठली. "हाच चेहरा! मागे बसलेला. कोण आहे हा?"

"आमचा सांद्रो," मोल्फ्रिड म्हणाली, अशी की तिनेच त्याला विणलाय.

"इटालियन? खरोखरचा?"

"खरोखरचा. सहा वर्षं झाली, अजून आमची कॉफी पिताना तोंड वाकडं करतो."

"मग गुन्हेगाराचा भाऊ हाच करणार. बोलायचं काही नाही, नुसतं फेरीतून उतरायचं आणि कॅमेऱ्याकडे रोखून बघायचं. रोमच्या कंपनीचा अर्धा खर्च आहे, तिकडेही दाखवणार आहोत. तिकडचे लोक खूश होतील."

सांद्रो म्हणाला, "मला जमणार नाही."

"अरे, रोखून बघायला काय जमायचंय?" म्हातारा एर्लिंग मागून म्हणाला. "माझे तर दोन्ही गुडघे गेलेत, तरी मी मालिकेतल्या मिरवणुकीत चालणारे."

"छपरासाठी आहे, सांद्रो," मोल्फ्रिड म्हणाली.

सगळे मान वळवून त्याच्याकडे बघत होते, प्रेमानेच. त्याचा डावा पाय खुर्चीखाली हलायला लागला होता. मला वाटलं, आता हा उठेल, बाहेर जाईल, आणि उद्याच्या फेरीने निघून जाईल. आणि मी बोलून गेले.

"त्याला कॅमेऱ्यासमोर घेरी येते. चर्चच्या फोटोच्या वेळी तर ताप भरला होता, विचारा कुणालाही. पण तो दुसरं करू शकेल. तुमच्या नायकाला इटालियन बोलायला शिकवेल, हात कसे हलवायचे ते दाखवेल. माझ्या स्वयंपाकघरात."

टाळ्या पडल्या. बेंटेने वहीत लिहून घेतलं. बाहेर आल्यावर सांद्रो म्हणाला, "टोर्दिस, तू नसतीस तर काय झालं असतं माझं?" मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं पुढे मला कितीतरी दिवस टोचत राहिलं.

नायकाचं काम करणारा हाल्वार हा विनोदी नट होता. चाळिशीचा, गोरा, गुबगुबीत, केस काळे रंगवलेले. ओस्लोत लोक त्याला रस्त्यात थांबवत, असं तो स्वतःच सांगायचा. दहा दिवस रोज दुपारी तो यायचा. मी विणत बसायची, ते दोघे शेगडीपाशी.

"हात हलवतोयस की माशा मारतोयस?" सांद्रो विचारायचा.

"तूच म्हणालास ना, मनगटातून?"

"मनगटातून. खांद्यातून नाही. तू समुद्रात बुडतोयस असं दिसतं."

"आता?"

"आता बुडालास."

हाल्वार खो खो हसायचा. माणूस वाईट नव्हता. तो सगळं टिपायचा, अगदी मिठाचा डबा उघडताना सांद्रो भुवया कशा उचलतो तेसुद्धा. तिसऱ्या दिवसानंतर शेगडीपाशी नुसते हलणारे हात दिसले की मला क्षणभर ओळखू यायचं नाही, कोण कोणता.

सांद्रोला एक सवय होती. काही सांडलं, पडलं, बिनसलं की तो म्हणायचा, "त्रोप्पोला." हलकेच, खांदा उडवून. चाकू हातातून निसटला, त्रोप्पोला. फेरी चुकली, त्रोप्पोला. सहा वर्षं मी ऐकत होते. मला वाटायचं, त्यांच्याकडे सगळेच असं म्हणत असतील, आपण 'जाऊ दे' म्हणतो तसं.

कारखान्यातलं चित्रीकरण होतं त्या दिवशी सगळं गाव दोरीच्या मागे उभं होतं. सांद्रोच्या हातात माशांची एक पेटी होती. त्याला सामान उचलायचं काम मिळालं होतं आणि त्यावर तो खूश होता. प्रसंग असा: नायक पहिल्याच दिवशी कारखान्यात अख्खी खाऱ्या माशांची रास पाडतो, सगळे कामगार बघत राहतात, आणि तो म्हणतो, "माफ करा." एवढंच लिहिलेलं होतं.

रास पडली. हाल्वार उभा राहिला, माशांकडे बघितलं, कामगारांकडे बघितलं, मग अगदी सांद्रोसारखा खांदा उडवून म्हणाला, "त्रोप्पोला!"

काय हशा झाला! बेंटे वाकून वाकून हसत होती. एर्लिंगला ठसका लागला. मीही हसले, खोटं कशाला बोलू. मग मी बाजूला बघितलं. सांद्रोने हातातली पेटी फार सावकाश खाली ठेवली, आत अंडी असल्यासारखी, आणि तो कारखान्याच्या मागे चालत गेला.

मी गेले तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता.

"तो शब्द त्याला कुणी दिला?"

"तूच. दिवसातून वीस वेळा म्हणतोस."

"मी म्हणतो?" त्याने खरंच विचारलं. त्याला माहीतच नव्हतं.

मग त्याने सांगितलं. असा शब्द त्यांच्या भाषेत नाही. त्रोत्तोला आहे, म्हणजे भोवरा. त्याच्या आईचे पुढचे दात गेले होते, ती त्रोप्पोला म्हणायची. भोवरा फिरू दे, आपला आपण पडेल, असं तिला म्हणायचं असायचं. घरातली सगळी पोरं तेच म्हणायला लागली. एका वाड्यात वाढलेली सात पोरं, तो, त्याच्या बहिणी आणि ते चुलतभाऊ. जगात दुसरं कुणी हा शब्द म्हणत नाही.

"दारावर खडूने लिहिलं होतं ना," तो म्हणाला, "ते हेच."

मी म्हटलं, "पण तिकडे दाखवताना त्यांच्याच नटांचे आवाज घालतील ना? बाकीचं सगळं बदलतात."

"बाकीचं बदलतील. ज्याचा अर्थच कुणाला कळत नाही तो शब्द कोण बदलेल? आहे तसाच ठेवतील. शिवाय खाली बेटाचं नाव येणार. आभार म्हणून. बेंटे म्हणाली ना परवा?"

म्हणाली होती. मोल्फ्रिडनेच तशी अट घातली होती.

टीव्हीवाले गेले पण शब्द गावात राहिला. दुकानात दुधाचा खोका फुटला तर मोल्फ्रिड त्रोप्पोला म्हणायची. शाळेतली मुलं बर्फात पडून त्रोप्पोला ओरडायची. पाद्रीने एका रविवारी पुस्तकातलं पान चुकल्यावर म्हटलं तेव्हा तर बाकं हलली. सांद्रो प्रत्येक वेळी बाकीच्यांबरोबर हसायचा, बाकीच्यांपेक्षा थोडा उशिरा. तो स्वतः मात्र आता तो शब्द म्हणत नव्हता. काही सांडलं की ओठ घट्ट मिटायचा.

मालिका जानेवारीत लागणार होती. ऑक्टोबरपासून तो गाडी उलटी लावायला लागला, तोंड रस्त्याकडे करून. मी खिडकीपाशी खुर्ची सरकवली. तिथून फेरी दिसते. रोज चार फेऱ्या. मी उतरणाऱ्या गाड्या मोजायची. दुधाची गाडी, टपाल, एर्लिंगचा पुतण्या. ओळखीची नसलेली एखादी असली की ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत माझ्या सुया थांबायच्या. अजून काही दाखवलंही नव्हतं, हे मला कळत होतं. तरी मोजायची. एकदा एक राखाडी गाडी सरळ माझ्या अंगणात आली. शिवणयंत्रं विकणारा होता. मी त्याच्याकडून दोन बॉबिन घेतले, आणि तो गेल्यावर दार बंद करून तिथेच पायरीवर बसले.

एकदा मी विचारलं, "जाणार आहेस का?"

"मालिका लागण्याआधी. लागल्यावर उशीर होईल."

"कुठे?"

"दुसऱ्या पेट्यांवरची नावं आठवतोय," तो म्हणाला. हे तो विनोदाने म्हणाला, पण मागच्या घरात त्याची बॅग खाटेखालून निघून दाराशी आली होती. मी पडदे धुवायला न्यायला गेले तेव्हा पाहिली.

मी हाल्वारला फोन केला. म्हटलं, तो शब्द इटालियनमध्ये फार घाण आहे, सभ्य माणसं कान झाकतात.

"घाण आहे?" हाल्वार आनंदाने ओरडला. "टोर्दिस, तू देवदूत आहेस! बेंटेला सांगतो, जाहिरातीत घालू!"

मी फोन ठेवला. आपण प्रत्येक वेळी तोंड उघडलं की गोष्ट आणखी बिघडते, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं. तरी चार दिवसांनी मी सांद्रोला सांगितलं की ट्रॉन्हाइमला बहिणीकडे जाते, डोळे तपासायचेत, आणि फेरी, बस, मग रात्रभरची आगगाडी असं करत ओस्लोला गेले.

टीव्हीच्या इमारतीतल्या कँटीनमध्ये हाल्वारने माझ्यासमोर कोळंबीचा ब्रेड ठेवला. मी सगळं सांगितलं. बोटी, धक्का, कोर्ट, अकरा जण, खडू. ज्याने मला विश्वासाने सांगितलं होतं त्याला न विचारता, कोळंबीसमोर बसून, एका विनोदी नटाला.

आधी तो हसला. "ही तर आमच्यापेक्षा चांगली गोष्ट आहे!" मग माझ्याकडे बघून थांबला. त्याने काटा खाली ठेवला.

"तो... मला मनगट शिकवणारा तो?"

"तोच."

"तुला माहितीये का," तो हळू आवाजात म्हणाला, "आठ भागांत तेवढं एकच वाक्य आहे ज्यावर लोक खरंच हसतात. बाकी सगळ्या वेळी मी नुसता घसरून पडतो. बेंटे म्हणते, हा शब्द मला दहा वर्षं पोसेल."

"मला तुझ्या कामातलं काही कळत नाही," मी म्हटलं. "तो जाईल, एवढं कळतं. आणि नाही गेला तर त्याहून वाईट."

"बेंटेला काय कारण सांगू? तिला हे सांगायचं नाही ना?"

"कुणालाच नाही."

"बघतो," हाल्वार म्हणाला.

बघतो. त्या एका शब्दावर मी परत आले. सांद्रोने विचारलं, डोळे कसे आहेत? मी म्हटलं, चांगले आहेत. मग त्याला म्हटलं, पहिला भाग बघ आणि मग जा. कशाला, त्याने विचारलं. मी म्हटलं, कदाचित कापला असेल, खूप कापतात म्हणे. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मी शेगडी पुसत राहिले.

जानेवारीतला तो रविवार. सभागृहावर नवं छप्पर होतं. मोल्फ्रिडने कुणाकडून तरी मोठा टीव्ही आणवला होता. वॅफल, जॅम, तपकिरी चीज, कॉफीचे तीन थर्मास. एकूण एक माणूस आला होता. मला वाटलं होतं सांद्रो घरी थांबेल, पण तो चांगला शर्ट घालून आला. "ऐकायचंच असेल तर सगळ्यांबरोबर ऐकतो," म्हणाला. गाडीत बॅग होती. अंगणातून निघताना ती त्याने मागच्या सीटवर ठेवलेली मी पाहिली होती.

लोक पडद्यावर आपापले कोपर, टोप्या, कुत्रे ओळखत होते. "ती बघ माझी पाठ!" एर्लिंग ओरडला. मग धक्का आला. मग कारखाना. हाल्वार आला, माशांच्या राशीला धडकला, रास पडली.

"आता, आता," मोल्फ्रिड म्हणाली, आणि अख्ख्या सभागृहाने हसायला श्वास घेतला.

हाल्वारने खांदा उडवला. त्याचे ओठ मिटले, उघडले, गोल झाले. आणि आवाज आला, "माकारोनी!"

कुणी हसलं नाही.

"काय म्हणाला?"

"माकारोनी म्हणाला."

"अरे, ते असं नव्हतं! त्या दिवशी केवढे हसलो होतो आपण!"

"आवाज मागून भरलाय. ओठ बघ ना, जुळतसुद्धा नाहीत."

"चांगल्याचं वाटोळं केलं," मोल्फ्रिड म्हणाली. "ओस्लोवाले!"

पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी हाल्वारची सालटी काढली. तो प्रसंग खास नाव घेऊन छापला होता. पुढे त्याला फारशी कामं मिळाली नाहीत असं ऐकलं. मी त्याला दरवर्षी नाताळला हातमोजे पाठवायची. त्याचं उत्तर कधी आलं नाही आणि त्याने कधी कुणाला काही सांगितलंही नाही.

पण त्या संध्याकाळी मला वाटलं होतं, सुटलो. मी सांद्रोकडे वळले. तो पडद्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. चेहऱ्यावर सुटकेचं काही नव्हतं.

बाहेर बर्फावर आल्यावर तो म्हणाला, "तुम्ही कुणाला सांगितलंत?"

तुम्ही. चार वर्षांनी.

"हाल्वारला."

"काय काय?"

"सगळं. तू मला सांगितलंस तेवढं सगळं."

"मला न विचारता."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास. आणि निघून गेला असतास."

"तो माझा निर्णय होता, बाई. तुमचा नव्हता." आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. तो गाडीत बसला, मला घरापर्यंत सोडलं, माझ्या बाजूचं दारही उघडून दिलं. बॅग मागच्या सीटवरच राहिली.

सकाळी साडेसहाला मी खिडकीपाशी होते. धक्क्यावरच्या दिव्याखाली फेरीची रांग लागली होती. दुधाची गाडी, टपाल, मग त्याची निळी गाडी, आणि तिच्यामागे चार. मी एक एक मोजली, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. फेरीचं तोंड उघडलं. दुधाची गाडी चढली. टपाल चढलं. निळी गाडी हललीच नाही.

मागच्याने भोंगा वाजवला. मग त्याच्या मागच्याने. शेवटी निळ्या गाडीचे मागचे पांढरे दिवे लागले. आमच्या धक्क्याचा रस्ता एकेरी, दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग. एकाला मागे यायचं तर सगळ्यांना मागे यावं लागतं. मला सगळ्या गाड्यांचे दिवे दिसत होते. एर्लिंगच्या पुतण्याने खिडकीतून हात बाहेर काढून काहीतरी शिव्या दिल्या आणि गाडी मागे घेतली. त्याच्यामागच्याने घेतली. चारी गाड्या वाकड्यातिकड्या मागे सरकत वळणापर्यंत आल्या, आणि निळी गाडी मधून निसटून कारखान्याच्या रस्त्याला लागली. फेरी सात मिनिटं उशिरा सुटली. कप्तानाने ते महिनाभर सगळ्यांना ऐकवलं.

दिवसभर तो माझ्याकडे आला नाही. संध्याकाळी कामावरून आला, बूट पुसले, आणि नेहमीच्या खुर्चीत बसला. मी बटाटे सोलत होते. मान वर करायची हिंमत होत नव्हती.

"रांगेत बसून मी विचार करत होतो," तो म्हणाला, "की पुढच्या गावात माझं कुणी असं काही करणार नाही. वाईट नाही आणि चांगलंही नाही."

मी पुढचा बटाटा घेतला.

"पण हे परत करायचं नाही. तुला माझ्यासाठी खोटं बोलायचं असेल, तर आधी मला सांगायचं. मी सांगेन कसं बोलायचं. तुला खोटं अजिबात जमत नाही, टोर्दिस. डोळे तपासायला गेलीस आणि चष्मा इथेच टेबलावर विसरून गेलीस."

मग तो म्हणाला की मी हाल्वारला सगळं सांगितलं असं म्हणाले, ते खरं नव्हतं; सगळं मला माहीतच नव्हतं. सांद्रो हे सरकारने दिलेलं नाव. त्याने मला त्याचं खरं नाव सांगितलं. मी ते एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं. त्याने उच्चार दुरुस्त केला. मी पुन्हा म्हटलं, तेव्हा तो मान खाली घालून बसला.

बेचाळीस वर्षांची असताना मी विधवा झाले होते, आणि त्या संध्याकाळी मी अठ्ठावन्नची होते. त्यानंतर तो अकरा वर्षं जगला, आणि अकरा वर्षं आम्ही दोघांनी फेरीतून उतरणाऱ्या गाड्या मोजल्या. सगळ्या ओळखीच्या निघाल्या किंवा वाट चुकलेल्या. चर्चच्या मागे त्याच्या थडग्यावर सांद्रो हेच नाव आहे. ते दुसरं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याच्या बहिणी अजून आहेत, आणि ते चुलतभाऊही सुटून आले असतील.